तिसऱ्या मजल्याचा निकाल

आपल्याला मार्क मिळतात, आपल्या सबमिशनला मिळतात, जर्नलच्या कव्हरलासुद्धा मिळतात (ब्राऊन पेपर नीट लावला नाही म्हणून माझे दोन गेलेले आहेत!). पण ज्या खोलीत बसून आपण हे सगळे मार्क कमावतो, त्या खोलीला मार्क कोण देतं? हा प्रश्न मला गेल्या वर्षी मे महिन्यात, पी.एल. मध्ये, रात्री दीड वाजता पडला. अंगाखालची गादी तव्यासारखी तापली होती आणि वर पंखा पाचवर गरगरत होता.

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी विभागासाठी लिहितेय हे ऐकून आईला फोनवर हसू आवरेना. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या नावावर जमा कराव्यात, आणि विषय तेवढा माझ्या नावावर ठेवावा.

झालं असं. आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली, कोपऱ्यातली खोली नंबर ३११. तिथे आमच्याबरोबर एक फर्स्ट इयरची ज्युनिअर राहायची. एम-टू च्या पेपरच्या आदल्या दिवशी ती टेबलावरून उठली आणि दारातच खाली बसली. डोळे पांढरे, हातपाय गार. मेसच्या मावशींनी कांदा नाकाला लावला, कोणी इलेक्ट्रॉल आणलं, शेवटी रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ऊन लागलंय." ती म्हणाली, "पण सर, मी दोन दिवस खोलीच्या बाहेरच गेले नाही."

पेपर तिने दिला. एम-टू राहिला.

मी रेक्टर मॅडमकडे गेले. मॅडम वाईट नाहीत, हे आधी लिहिते (त्या हा अंक वाचतात). त्या म्हणाल्या, "अगं, विदर्भातला मे आहे, उकडणारच. आम्हीपण याच उन्हाळ्यात शिकलो ना?" मी म्हटलं, "मॅडम, तिसऱ्या मजल्यावर खूपच गरम होतं." त्यावर त्यांनी विचारलं, "खूप म्हणजे किती?"

थर्ड इयर सिव्हिलची मुलगी, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यासाठी लायब्ररीत गेले, आणि तिथे कळलं की खोलीला मार्क देण्याचं एक अख्खं शास्त्रच आहे.

त्या शास्त्राची सुरुवात बऱ्याच जणांच्या मते डेन्मार्कमध्ये होते. पोव्हल ओले फँगर नावाच्या इंजिनिअरने १९७० साली 'थर्मल कम्फर्ट' हा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की, आपल्याला बरं वाटतं की नाही हे नुसत्या तापमानावर ठरत नाही. एकूण सहा गोष्टी असतात. हवेचं तापमान, आजूबाजूच्या भिंती-छताचं तापमान, हवेचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे, आणि आपण काय करतो आहोत ते. कपड्यांना 'क्लो' नावाचं एकक आहे. सुटाबुटातला माणूस म्हणजे साधारण १ क्लो, तर टी-शर्ट आणि बर्म्युडा म्हणजे ०.३ ते ०.४. कामाला 'मेट' आहे. शांत बसलेला माणूस १ मेट, झोपलेला ०.७. (व्हायवाच्या आधी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारणारा किती, ते तुम्हीच ठरवा.)

या सहाही गोष्टी समीकरणात घातल्या की एक आकडा येतो, उणे ३ ते अधिक ३ मधला. उणे ३ म्हणजे गारठा, अधिक ३ म्हणजे भट्टी, शून्य म्हणजे ना गरम ना गार. त्याला म्हणतात पी.एम.व्ही. आणि त्या आकड्यावरून शंभरातले किती जण नाराज असतील हेही काढता येतं. पी.एम.व्ही. अर्धा असेल तर साधारण १० टक्के नाराज, एक असेल तर २६ टक्के, दोन असेल तर ७७ टक्के. मला सगळ्यात आवडलं ते शून्याचं उत्तर. अगदी परफेक्ट शून्य असलं तरी ५ टक्के लोक नाराजच! कोणत्याही खोलीत, कोणत्याही देशात, वीस जणांत एक तरी 'पंखा कमी कर गं' म्हणणारी असणारच, हे गणितात मांडून ठेवलेलं आहे. आमच्या खोलीत ती कोण, ते मी लिहीत नाही.

यावरूनच मग इमारतींना वर्ग पडले. आय.एस.ओ. ७७३० या स्टँडर्डमध्ये ए, बी, सी असे तीन वर्ग आहेत. पी.एम.व्ही. शून्याच्या दोन्ही बाजूंना ०.२ मध्ये राहिला तर ए, ०.५ मध्ये राहिला तर बी, ०.७ पर्यंत सी. युरोपने २००७ साली पहिला ते चौथा अशा चार श्रेणी केल्या, २०१९ साली त्या नव्या स्टँडर्डमध्ये घेतल्या. पहिली श्रेणी खरं तर आजारी, म्हातारी, लहान मुलं अशांसाठी आहे, पण नाव 'पहिली' म्हटल्यावर बिल्डरला तीच हवी असते! गंमत म्हणजे २०१० साली एडवर्ड आरेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ऑफिसांमधला डेटा तपासला, तर 'ए' वर्गाच्या इमारतींतले लोक 'बी'-'सी' वाल्यांपेक्षा काही जास्त खूश नव्हते. बिल मात्र जास्त. डिस्टिंक्शनचं हे असंच असतं.

आता फँगरच्या मागे जरा जाऊ. हे मोजमाप कोणावर केलं होतं? कॉलेजच्या पोरांवर. डेन्मार्क आणि अमेरिकेतले मिळून सुमारे १३०० विद्यार्थी, सगळ्यांना सारखे कपडे घालून बंद चेंबरमध्ये बसवलं आणि कसं वाटतंय ते विचारलं. शिवाय शरीर किती उष्णता तयार करतं याचे जे आकडे स्टँडर्डमध्ये आले ते साधारण ७० किलोच्या, चाळिशीच्या पुरुषाचे. २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवलं की बायकांची उष्णता त्यामुळे जास्तच धरली जाते. आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मुली ओढणी गुंडाळून का बसतात आणि मुलं तिथून हलत का नाहीत, याचं कारण निदान छापील मिळालं. (भारतात २०२० पासून नव्या स्टार रेटिंगवाल्या रूम एसीचं डिफॉल्ट सेटिंग २४ अंश केलेलं आहे. आमच्या सेंटरचा रिमोट ज्या सरांच्या खिशात असतो, त्यांनी कृपया नोंद घ्यावी.)

पण माझा प्रश्न एसीचा नव्हताच. माझा प्रश्न स्लॅबचा होता.

फँगरची समीकरणं आमच्या खोलीला लावली तर उत्तर अधिक ३ च्या पलीकडे जातं, म्हणजे सगळ्यांनी पळून जायला पाहिजे. पण आम्ही तिथे जेवतो, हसतो, पत्ते खेळतो. ही गोष्ट लोकांच्या लक्षात फार आधी आली होती. रुरकीला सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, सिव्हिलवाल्यांना नाव माहीत असेलच. तिथे आणि बगदादमध्ये जमवलेल्या नोंदी इंग्लंडच्या फर्गस निकोलने १९७४ साली तपासल्या. तिशीच्या पुढच्या तापमानात, युरोपच्या हिशेबाने अशक्य अशा खोल्यांत, माणसं बरी आहेत म्हणत होती. पंखा चालू होता, कपडे पातळ होते, आणि शरीर त्या हवेला सरावलेलं होतं.

त्याच रुरकीच्या संस्थेत एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी १९८६ साली आपल्या उन्हाळ्यासाठी एक सोपं सूत्र दिलं. 'ट्रॉपिकल समर इंडेक्स', थोडक्यात टी.एस.आय. हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत जवळजवळ ओरडलेच, कारण हे हॉस्टेलच्या खोलीत बसून काढता येतं:

टी.एस.आय. = (वेट बल्बचं तापमान ÷ ३) + (काळ्या गोळ्याचं तापमान × ३/४) − (२ × हवेच्या वेगाचं वर्गमूळ)

तापमान सेल्सिअसमध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात. उत्तर २५ ते ३० आलं तर बरं वाटतं, २७.५ सगळ्यात उत्तम. ३० ते ३४ म्हणजे गरम, पण सोसवेल असं. ३४ च्या वर गेलं की फार गरम. म्हणजे माझ्या भाषेत, ३४ ला नापास.

सूत्राकडे जरा नीट बघा. सगळ्यात जास्त वजन काळ्या गोळ्याला आहे. हा गोळा कशाला? साधा थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो. पण तापलेला स्लॅब आपल्याला हवेतून नाही, सरळ किरणांनी भाजतो. चुलीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तसंच. काळा पोकळ गोळा ही किरणं पिऊन घेतो, आणि त्याच्या पोटातला थर्मामीटर हवा अधिक किरणं असं मिळून तापमान दाखवतो. मूळ उपकरणात १५ सेंटिमीटरचा तांब्याचा गोळा असतो. तो आमच्या बजेटमध्ये नव्हता. पण मायकेल हम्फ्रीज याने १९७७ सालीच दाखवलंय की घरातल्या मोजमापाला टेबल टेनिसच्या बॉलएवढा गोळासुद्धा चालतो. मग काय! जिमखान्यातून चेपलेला एक बॉल (गरम पाण्यात टाकला की पोचा निघतो), मॅट काळा रंग, केमिस्ट्री लॅबचा थर्मामीटर आणि भोक बंद करायला एम-सील. वेट बल्बसाठी मेकॅनिकलच्या आर.ए.सी. लॅबमधून गरगर फिरवायचा सायक्रोमीटर आणला, आणि वाऱ्याचा वेग मोजायला तिथलाच अ‍ॅनिमोमीटर. लॅब असिस्टंट काकांनी रजिस्टरमध्ये सही घेऊन, "पाडू नका," असं चार वेळा बजावून दिला.

मी कॉरिडॉरमध्ये सायक्रोमीटर फिरवत उभी होते तेव्हा मेसच्या मावशी म्हणाल्या, "काय करून राहिली गं पोरी? भूत उतरवून राहिली का?"

तर आकडे. मे महिन्यातली दुपार, तीन वाजलेले. ३११ मध्ये गोळा ३९, वेट बल्ब २३, पलंगावर पंख्याचा वारा सेकंदाला १ मीटर. म्हणजे ७.७ अधिक २९.२५ उणे २. उत्तर जवळपास ३४.९. नापास! त्याच वेळी तळमजल्याच्या खोलीत गोळा ३४, वेट बल्ब २२.५, वारा तेवढाच. उत्तर ३१. एकच इमारत, एकच मेस, एकच फी, आणि मधे चार अंशांचा फरक. तळमजल्याच्या खोल्या बहुतेक सीनिअर्सकडे असतात आणि फर्स्ट इयरला वर ढकलतात, हे जाता जाता सांगते. मीसुद्धा पुढच्या वर्षी खाली जाणार होते, तेव्हा फार बोलत नाही.

टेबलाची गोष्ट वेगळी. टेबल खिडकीच्या कोपऱ्यात, तिथे वारा फक्त ०.२५. त्याचं वर्गमूळ ०.५, म्हणजे २ च्या जागी १ च वजा होतो. टेबल पलंगापेक्षा एक अंशाने गरम! अभ्यास करताना पलंगावर का जावंसं वाटतं, याला इंजिनिअरिंग कारण आहे, घरी सांगायला हरकत नाही. वर्गमूळ असल्यामुळे आणखी एक गोष्ट होते. वारा चौपट केला तर फायदा फक्त दुप्पट. आणि हवाच ३५ च्या वर गेली की पंखा गरम हवा अंगावर मारायला लागतो. तेव्हा जो काही उपयोग होतो तो घाम वाळण्याचा. पाणी पोटात नसेल तर घाम नाही, आणि घाम नसेल तर पंखा म्हणजे हेअर ड्रायर. आमची ज्युनिअर त्या दोन दिवसांत कूलरवर पाण्याची बाटली भरायलाही खाली गेली नव्हती, कारण तीन मजले उतरा-चढायचा वेळ वाचवत होती.

आता रात्र. मला वाटलं होतं रात्री दोन्ही मजले सारखे होतील. रात्री अकराला तळमजल्यावर ३०.४ आणि ३११ मध्ये ३३.४! स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि चार-एक तास उशिराने खाली सोडतो. संध्याकाळी बाहेर वारा सुटतो तेव्हा आमचं छत ऐन भरात असतं. हात वर करून पलंगावर उभं राहिलं तरी छताची धग तळव्याला लागते. (आमचा बॉल छोटा आहे, त्यामुळे तो पंख्याच्या वाऱ्यात छतापेक्षा हवेचंच जास्त ऐकतो. म्हणजे खरा आकडा याहून थोडा वाईटच असणार. मॅडमना हे मी मुद्दाम सांगितलं.)

मोजमापाबरोबर मी चिठ्ठ्याही वाटल्या. फँगरची सात घरं, मराठीत करून. इथे माझं कॉन्व्हेंट आडवं आलं. इंग्रजीत 'हॉट', 'वॉर्म', 'स्लाइटली वॉर्म' अशी सरळ रांग आहे. 'वॉर्म' ला मराठीत काय लिहायचं? 'ऊबदार' लिहिलं तर ते चांगलंच वाटतं, आणि मे महिन्यात ऊबदार म्हटलं तर पोरी मारतील. 'गार' तर आपल्याकडे कौतुकाचाच शब्द. जीव गार झाला, थंडगार पाणी, डोकं थंड ठेव. युरोपातला माणूस शून्य हे उत्तर चांगलं समजतो. आमच्याकडे शून्याच्या घरात खूण करणाऱ्या मुलीलाही अजून गारच हवं होतं. ही अडचण संशोधकांनाही माहीत आहे. म्हणून 'कसं वाटतंय' याच्या जोडीला 'काय झालेलं आवडेल' असा दुसरा प्रश्न ठेवतात.

मग मी घरं काढून टाकली आणि 'तुमच्या शब्दात लिहा' म्हटलं. मे महिन्यात चिठ्ठ्यांवर आलं: भाजतंय, तलखी होतेय, आग आग, डोळे जळतात. तेच ऑगस्टमध्ये विचारलं तर: उकडतंय, चिकचिक, कुंद, गुदमरतंय. एकाही चिठ्ठीवर मे मध्ये 'चिकचिक' नव्हतं की ऑगस्टमध्ये 'भाजतंय' नव्हतं. कोरडी उष्णता आणि ओली उष्णता यांना आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, हे मला या चिठ्ठ्यांमुळे पहिल्यांदा कळलं. ऑगस्टमध्ये आकडा होता २८.८, म्हणजे कागदावर पास. लाईट गेली, पंखा थांबला, की ३०.८. म्हणजे पावसाळ्यात आमचं सगळं सुख एका रेग्युलेटरवर टांगलेलं असतं. आणि कूलरचंही उत्तर यातच आहे. मे मध्ये वेट बल्ब २३ असतो, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांतून आलेली हवा खरंच गार होते. ऑगस्टमध्ये वेट बल्बच २६, मग कूलर नुसती चिकचिक वाढवतो. मे साठी खोलीत कूलर मागितला तर 'वायरिंगला लोड झेपणार नाही' हे उत्तर आलं. ते खोटं नसावं. तीन इस्त्र्या एकदम लावल्या तरी आमचा एम.सी.बी. पडतो.

हवेचा प्रश्न वेगळा. डासांमुळे आम्ही संध्याकाळी खिडक्या बंद करतो, आणि रस्त्याकडच्या खिडक्या तर 'सेफ्टी' म्हणून प्लाय ठोकून कायमच्या बंद आहेत. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर याने १८५८ साली सांगितलं की खोलीतल्या कार्बन डायऑक्साईडने हवेचा ताजेपणा मोजावा, आणि १००० पी.पी.एम. ही हद्द धरावी. ती हद्द अजून वापरात आहे. एवढ्याने कोणी मरत नाही. पण दुसऱ्याने सोडलेला श्वास आपण किती घेतो आहोत, ते त्यावरून कळतं, आणि २०२० नंतर हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गणित करू. खोली सुमारे ३२ घनमीटर, मुली तीन, प्रत्येकीचा ताशी अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साईड. सगळं गच्च बंद असेल तर तासाला जवळजवळ १७०० पी.पी.एम. ची वाढ. बाहेरची हवा ४२० धरली तर १००० व्हायला वीस-एकवीस मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येते, म्हणून जरा जास्त लागत असतील. पण दहाच्या हजेरीनंतर दार लावून बसलेल्या तिघी साडेदहाला जांभया का देतात, ते कळलं. जाळ्या बसवल्या तर हा प्रश्न एका दिवसात सुटेल. उजेड आणि आवाज यांनाही अशा रेटिंगमध्ये मार्क असतात. ते मी सोडून दिले. ट्यूबलाईट बरी आहे, आणि आवाज आमचाच असतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला शेवटी सापडली. १९९८ साली रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी चार खंडांतल्या १६० इमारतींतल्या सुमारे २१,००० नोंदी एकत्र केल्या. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींत लोक जास्त उष्णता आनंदाने सोसतात, असं त्यात निघालं. नुसती सवय नाही, हातात काहीतरी असणं. खिडकी, पडदा, पंखा, कपडे, जागा बदलणं. आपल्याकडेही अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच हवामानांतल्या १६ ऑफिस इमारतींत ६,३३० उत्तरं घेतली, आणि त्यावरून भारतासाठी सूत्र काढलं: बरं वाटणारं तापमान = ०.५४ × बाहेरची महिन्याची सरासरी + १२.८३. ते २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही आलं. बाहेरची सरासरी ३० असेल तर आत सुमारे २९ ला लोक खूश. पण हे सूत्र ३१ च्या सरासरीपर्यंतच लागू आहे. आमचा मे त्याच्या बाहेर. पुस्तकसुद्धा आम्हाला सोडून पळालं!

हे वाचलं आणि मी आमच्या हातात काय काय आहे त्याची यादी केली. खिडकी ठोकलेली. कपडे, 'कॉरिडॉरमध्ये नीट कपड्यांत यावे' अशी नोटीस. जागा बदलणं? मुलांच्या हॉस्टेलमध्ये मे महिन्यात अर्धी पोरं गाद्या घेऊन गच्चीवर झोपतात. आमच्या गच्चीला कुलूप आहे.

मी वॉचमन काकांना विचारलं. ते म्हणाले, "नाही ना ताई, चाबी मॅडमजवळ आहे." मॅडमकडून एका रात्रीची, फक्त मोजायची, परवानगी काढली. रात्री एक वाजता मी, माझी रूममेट आणि टॉर्च धरलेले काका असे वर गेलो. गोळा ३०.५, वेट बल्ब २१, वारा १ मीटर. हे सूत्र खोल्यांसाठी आहे हे कबूल, पण घालून पाहिलं. २७.९. आमच्या डोक्यावर, दहा पायऱ्या वर, हॉस्टेलमधली सगळ्यात उत्तम जागा होती, आणि खाली तेव्हा ३३ च्या आसपास चालू होतं. काका म्हणाले, "आता उतरा." आम्ही अजून एक रीडिंग घ्यायचं आहे असं सांगून पंधरा मिनिटं बसलो. रीडिंग काही नव्हतं.

हे सगळं मी आठ पानांत टाईप करून मॅडमना दिलं. त्यात अमेरिकेतला एक अभ्यासही घातला. २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत बॉस्टनमध्ये ४४ कॉलेज विद्यार्थ्यांची १२ दिवस रोज सकाळी फोनवर चाचणी घेतली. बिनाएसीच्या हॉस्टेलात झोपलेल्यांना उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला. झोपून उठल्यावर, सकाळी! मॅडम ते पान दोनदा वाचत होत्या. मग म्हणाल्या, "त्या मुलीचा एम-टू निघाला का गं?" मी म्हटलं, "निघाला, हिवाळ्यात."

या वर्षी एप्रिलमध्ये गच्चीच्या अर्ध्या भागाला चुना मारला. चुन्यात थोडं फेव्हिकॉल घालतात, म्हणजे तो लवकर निघत नाही. कळकट सिमेंट ऊन पितं, ताजा चुना त्यातला मोठा भाग परत वर पाठवतो, एवढंच तत्त्व. अर्ध्याच भागाला, कारण पैसे तेवढेच होते. पण माझं त्यात भलं झालं, तुलना करता आली. मे मध्ये त्याच दिवशी, त्याच वेळी, चुन्याखालच्या ३११ मध्ये गोळा ३६.५, चुना नसलेल्या ३०१ मध्ये ३९. वेट बल्ब दोन्हीकडे २३, वारा सारखाच. ३०१ चे ३४.९, ३११ चे ३३. म्हणजे ३११ काठावर पास, ३०१ ला के.टी. ३०१ च्या मुलींनी आता माझ्याशी बोलणं सोडलं आहे. पावसानंतर चुना काळवंडतो, दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, हे मॅडमना लेखी दिलं आहे. उरलेल्या अर्ध्याचं एस्टिमेट एच.ओ.डी. सरांनी सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलमध्ये आमच्याच बॅचकडून करून घेतलं.

जाळ्या चार खोल्यांना आल्या. प्लाय तसंच आहे. गच्चीचा अर्ज 'विचाराधीन' आहे. त्यावर मॅडमनी पेन्सिलीने लिहिलंय, "वॉचमन? लाईट? कठड्याची उंची?" कठड्याची उंची मी मोजून आले, एक मीटर दहा.

मी आता फायनल इयरला, तळमजल्यावर. काळा बॉल ३११ च्या दारामागच्या खिळ्याला टांगलेला आहे, खाली वही आहे, दोरीला पेन बांधलेलं आहे. रीडिंग तीनला आणि अकराला घ्यायचं. सायक्रोमीटर आर.ए.सी. लॅबमधून सही करून आणायचा, आणि पाडायचा नाही. परवा जाऊन पाहिलं तर वहीत कोणीतरी शाई संपलेल्या पेनाने नोंद केली आहे. वेट बल्ब वाचता येतो, गोळा ३६ आहे की ३८ ते कळत नाही. जिने केली असेल तिने येऊन सांगावं, खोली नंबर १०४.